हद्दीपलीकडचा थांबा

‘मदत’ हा शब्द समोर कुणी उच्चारला की आक्का कानात किडा शिरल्यासारखे डोके झटकत. “मदत म्हंजे काय गं मास्तरीण? दुसऱ्याचं चालनं आपुन चालायचं?” असे विचारत, आणि उत्तर येण्याआधीच पुढच्या कामाला लागत. मी त्या वेळी विट्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवत होते, आणि उत्तर देण्यापूर्वी शब्द निवडत बसण्याची मला खोड होती. आक्कांपाशी त्या निवडीला अवधीच नसे.

एसटीच्या वाहक म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी खाकी कोट अंगावरून उतरला नव्हता. चैत्राच्या उन्हातही लुगड्यावर तो कोट, गळ्याभोवती ओला रुमाल, आणि खिशात आवळकाठी. त्या जवळ आल्या की डिझेल, लोखंड आणि आवळा यांचा एक तुरट गंध आधी येई, मागून त्या. कुठल्याही खोलीत पाऊल ठेवले की आधी डोकी मोजत. एका लग्नात मंगलाष्टके चालू असताना त्यांनी खड्या आवाजात सुनावले होते, “म्होरं सरका, मागं लय जागा हाय!” आणि अख्खा मांडव मुकाट्याने पुढे सरकला होता. भटजीसुद्धा.

माझ्या कवितावेडाबद्दल त्यांचे मत पक्के होते. “तुझी ती कविता म्हंजे बिनथांब्याची गाडी. चढलेलं माणूस उतरायचं कुठं?”

आमची गाठ पडली ती तीन कुटुंबांमुळे. सीमेपलीकडच्या सिंधमधून, तिथल्या वाळूच्या मुलखातून ती आली होती. गावातल्या एका कापडव्यापाऱ्याचे त्यांच्याशी दूरचे नाते. त्याने यंत्रमागाच्या शेडांमागच्या खोल्या त्यांना राहायला दिल्या. पुरुष मागावर कामाला लागले. बायका मात्र त्या खोल्यांतून बाहेर पडेनात. दिवसभर भिंतीपलीकडे मागांची खडखड, आणि अलीकडे या बायकांची शांतता. व्यापाऱ्याने मला गळ घातली की त्यांना चार अक्षरे शिकवा. मी पाटी-पेन्सिल घेऊन गेले, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आक्का तिथे आधीच हजर होत्या, उंबऱ्यावर ठाण मांडून, वाट अडवून.

“काय शिकवणार?” त्यांनी विचारले.

“अक्षरओळख. ‘क’ कमळाचा...”

“कमाळ कुठं बघायचंय हिला इट्यात? ‘क’ कडेगावचा. ‘क’ कराडचा. गाडीची पाटी वाचता आली पायजे. कमाळ मागनं बघू.”

मी दुखावले, आणि दुसऱ्या दिवशी कडेगावच्या ‘क’पासून सुरुवात केली.

तिन्ही घरांतल्या बायकांत जमना सर्वांत लक्ष वेधून घेणारी. तिशीची असेल. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, विटक्या चुनरीवर आरशांचे बारीक तुकडे. ती हलली की भिंतीवर उजेडाचे ठिपके हलत. नवरा पेमो अबोल, आणि एक सात वर्षांची मुलगी, नुकतीच शाळेत घातलेली. सगळे घर एका निळ्या प्लास्टिकच्या फाईलवर उभे होते. तिच्यात पासपोर्ट, व्हिसा, आणि इथे दीर्घकाळ राहू द्यावे म्हणून केलेल्या अर्जाची पोच. अर्ज मंजूर होईपर्यंत या जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही, हे पेमोने घरातल्या प्रत्येकीकडून पाठ करून घेतले होते. अर्ज फेटाळला गेला तर वाळूकडे परत जायचे. आणि तिथे परत जाण्याजोगे काहीच उरले नव्हते, एवढेच जमना एकदा म्हणाली होती. त्यापुढे मी विचारले नाही.

ही फाईल मी वाचली होती. आक्कांनी ती कधी उघडली नाही. कागद हा विषय त्यांनी माझ्याकडे सोपवला होता. पुढे जे घडले, त्यातला माझा वाटा इथे आहे.

आक्कांचा पहिला धडा मी आठवड्याच्या बाजारात पाहिला. जमना भाजीकडे बोट दाखवी, भाजीवाली पिशवीत टाकी, आणि व्यवहार एका शब्दाविना उरकत असे. आक्का मागून आल्या आणि भाजीवालीला म्हणाल्या, “बोट दाखवणाराला भाजी दिऊ नगंस.”

“आवं आक्का, परदेशी बाई हाय. घरात लेकरू हाय तिच्या.”

“हाय ना? मग बोलंलच की.”

जमना उभी राहिली. ओल्या मेथीचा, चिरडलेल्या कोथिंबिरीचा, गोणपाटाच्या धुळीचा वास उन्हात तापत होता. भोवतीची गिऱ्हाइके आली नि गेली. मी एकदा मध्ये पडायला गेले, तर आक्कांनी माझ्या दंडाला असे धरले की दोन दिवस तिथे बोटे उमटली होती. बऱ्याच वेळाने जमनाने मान वर केली आणि भांडल्यासारखी म्हणाली, “दोडका!”

भाजीवालीने दोडका दिला, वर मूठभर मिरच्या टाकल्या. आक्का पुढच्या भाजीवालीकडे निघाल्या. पुढे कितीतरी दिवसांनी जमनाने मला सांगितले, तो शब्द तिला मी शिकवल्यामुळे आला नव्हता. “राग आला म्हून आला, ताई. आक्कांचा लय राग आला.”

गॅसची शेगडी तिला भिववी. ज्या आगीला धूर नाही, वास नाही, जिचे तोंड निळे, ती आग तिला खोटी वाटे. आक्कांनी तिच्याकडून रेग्युलेटर वीस वेळा लावून-काढून घेतला. साबणाचा फेस नळीवर चोपडून बुडबुडा येतो का हे पाहायला लावले. डोळे मिटून वास घ्यायला शिकवले. “नाक हाय तवर घाबरायचं न्हाई,” हे त्यांचे वाक्य. दवाखान्यात केसपेपर कसा काढायचा, रांगेत कुणी मध्ये घुसले तर कोणत्या आवाजात बोलायचे, शाळेत बाईंना भेटायला जाताना दाराशी किती थांबायचे, हे सगळे त्यांच्या अभ्यासक्रमात होते. या सगळ्यात त्यांनी कुणाचीही पिशवी उचलली नाही, कुणाच्या वतीने एक शब्द उच्चारला नाही.

आणि शेवटी परीक्षा. तिला त्या ‘सोडणं’ म्हणत. शिकणारीला घेऊन एसटीत बसायचे, अनोळखी थांब्यावर उतरायचे, आणि परतीच्या गाडीत एकटीनेच चढून निघून यायचे. ती मागे उभी. तिने विचारत, वाचत, चुकत विट्याला परत यायचे. आक्का तोवर विट्याच्या स्टँडवर एका बाकावर बसून राहत. शेंगदाण्याची पुडी मांडीवर असे, पण पुडी सोडत नसत. चहासुद्धा घेत नसत. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाल्या, “गाडी जाग्यावर लागल्याबिगर कंडक्टर जेवतो व्हय?”

पहिल्या दोघींपैकी एक कडेगावहून परतली, दुसरी आटपाडीहून. आटपाडीची तर वाटेत ओळख झालेल्या धनगर बाईकडून लोकरीचे जेन, म्हणजे जाडेभरडे अंथरूण, घेऊन आली. जमनाची पाळी आली तेव्हा आक्का म्हणाल्या, “ही हुशार हाय. हिला सोपं नगं. हिला मलकापूर.”

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या हमरस्त्यावर वाहने अंगावर येतात, फाटे फुटतात, गाड्या पाटी न दाखवता थांबतात. अवघड पेपर म्हणून आक्कांची निवड अचूक होती. मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. कराड म्हणजे आमचे रोजचे गाव. पुस्तके आणायला, चष्मा बदलायला मी तिथेच जाई. आक्कांनी त्या मार्गावर वर्षानुवर्षे तिकिटे फाडली होती. विटा, कडेगाव, कराड हे थांबे त्यांच्या जिभेवर एका माळेत होते, आणि त्या माळेत मध्ये कुठे गाठ आहे हे आम्हां दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आले नाही.

सकाळी आक्का आणि जमना गेल्या. दुपारी बाराच्या आत आक्का परतल्या आणि बाकावर बसल्या. मी कॉलेज आटोपून तिथे गेले.

“कशी होती?” मी विचारले.

“ताठ. म्या गाडीत चढले तरी हाक मारली न्हाई. येती बघ, एकच्या गाडीनं येती.”

एकची गाडी आली. उतरणाऱ्यांत पांढऱ्या बांगड्या नव्हत्या. दीडची आली. दोनची आली तेव्हा आक्का उठून गाडीच्या दारापर्यंत गेल्या आणि रिकाम्या आसनांकडे बघून परत आल्या. पुडी मांडीवर तशीच होती. त्यांच्या अंगठ्याने दोऱ्याची गाठ चोळून चोळून काळी केली होती. अडीचच्या सुमारास माझा फोन वाजला. तिकडून एका महिला पोलिसाने विचारले, “जमना नावाच्या बाईंनी तुमचा नंबर दिलाय. इथं कराडच्या ठाण्यात बसल्यात, परवानगीशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात आले म्हणून स्वतःच सांगायला आल्यात. येता का?”

“पोलिसात?” आक्का उभ्या राहिल्या. “कुणी धरलं तिला?”

“कुणी धरलं नाही. ती स्वतःहून गेली.”

“का म्हून?”

“अहो, ती म्हणतेय दुसऱ्या जिल्ह्यात...” आणि वाक्याच्या मध्यावर मी थांबले. निळी फाईल डोळ्यांसमोर उघडली. कराड सातारा जिल्ह्यात आहे. हे मला पाचवीपासून माहीत होते.

आक्कांना मी समजावून सांगितले. त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले. एवढेच.

आम्ही कराडची गाडी धरली. कडेगाव मागे पडले आणि माळाची कोरडी पिवळी उन्हे संपून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस उभा राहिला. ओलसर, गुळचट वारा खिडकीतून आत आला. हा वास मला नेहमी आवडत आलेला. त्या दिवशी मी त्या उसात हद्द शोधत होते, आणि ती कुठे लागली नि कुठे सरली, मला कळले नाही. आक्का आयुष्यात प्रथमच वाहकाच्या आसनाकडे न बघता पुढे बघत बसल्या होत्या.

ठाण्यात जमना बाकावर ताठ बसली होती. समोर पाण्याचा पेला, हात न लावलेला. शेजारी एक लठ्ठ बाई पदराने वारा घेत होती. तिच्या हातांना उसाच्या रसाचा आणि आल्याचा वास होता. मलकापूरच्या थांब्याजवळ तिची रसवंती होती.

“तुमीच का आक्का?” ती सरळ अंगावरच आली. “काय बाई हाय ही! दुकानाच्या पाट्या वाचीत उभी हुती. एकदम बसली मट्टदिशी. मला म्हनती, ह्यो सातारा जिल्हा हाय का? म्या म्हनलं व्हय. तर रडली न्हाई का काय न्हाई, म्हनती पोलीस कुठं बसत्यात? म्या म्हनलं आगं बाई, जा की गप बसनं माघारी, कुनाला कळतंय? तर म्हनती, मला कळतंय.”

दुकानांच्या पाट्यांवर गावापुढे ‘जि.’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय, हे तिने मला महिन्यापूर्वी विचारले होते. मी सांगितले होते.

“आगं, पर गाडीत बसून यायचं हुतंस,” आक्का पुटपुटल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता.

जमनाने त्यांच्याकडे पाहिले. “माघारी यायचं तर हद्द पुन्यांदा वलांडावी लागती, आक्का.”

पोलिसांनी सगळे नीट लिहून घेतले, सांगलीला कळवले. तिला विट्याला परत पाठवायची परवानगी आली, पण ही नोंद तिच्या अर्जाला जोडली जाणार होती. आक्कांनी मला कागद घ्यायला लावला. “लिही. ह्या बाईला मी न्हेलं. मी सोडलं. तिला ठावं नव्हतं, मला ठावं असाया पायजे हुतं.” मी माझेही नाव घातले. त्यांनी सही केली, मोठ्या, सावकाश अक्षरांत.

त्या संध्याकाळी पेमोने कुणाला दोष दिला नाही. तो फक्त फाईल मांडीवर घेऊन बसला आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मुलगी शाळेतली कविता मोठ्याने म्हणत होती. आक्का उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि आत न जाता परत गेल्या.

नंतरचे दीड महिने खाकी कोट त्यांच्या घरात खुंटीला होता. कोटाशिवाय त्या मला अनोळखी, बारीक दिसत. गल्लीत त्या कुणाला काही शिकवेनात. दुसऱ्या दोघी बाजारात जायला निघाल्या की आक्का म्हणत, “थांबा, मी येते सोबत,” आणि त्या बायका चकित होऊन एकमेकींकडे बघत. एकदा तर त्यांनी जमनाच्या हातातली पाण्याची घागर घेतली. जमनाने ती काढून घेतली. “आवं, माझी हाय ती.”

सांगलीहून बोलावणे आले. आदल्या दिवशी आक्का माझ्याकडे आल्या. “तिला सांग, तू काय बोलू नगं. सगळं मी बोलते.”

“आक्का, तुम्ही कुणाच्या वतीनं कधी...”

“कवा न्हाई. उंद्या बोलनार.”

त्या कचेरीत पंख्याखाली कागद फडफडत होते आणि जुन्या गोंदाचा वास येत होता. अधिकारी मध्यमवयीन, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत आक्का उभ्या राहिल्या. “सायब, चूक माजी...”

“तुमचं लेखी आलंय माझ्यापुढं,” ते म्हणाले. “तुम्ही बसा. ह्यांना बोलू द्या.”

आक्का बसल्या. त्यांचे ओठ मात्र हलतच होते.

“हद्द ओलांडताना कळलं नाही तुम्हांला?”

“न्हाई सायब,” जमना म्हणाली. “मी एक हद्द बघून आले. तितं तार हुती, दिवं हुतं, बंदुका हुत्या. मानसं बी वेगळ्या कपड्यांतली. हितं नुसता ऊस हुता. अलीकडं बी ऊस, पलीकडं बी ऊस.”

“आणि कळल्यावर? परत निघून आला असतात तर कुणी विचारलंही नसतं.”

“एकदा न कळून झालं. दुसऱ्यांदा कळून कसं करू?”

 त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन तिचा पासपोर्ट पुन्हा पाहिला. “कागदावर सिंध लिहिलंय, आणि बोलणं तर आमच्या विटा-खानापूरकडचं. मराठी कुणी शिकवली?”

मी सावरून बसले. आक्का म्हणाल्या, “इट्याच्या बाजारानं.”

त्यांनी शेरा लिहिला. जाणूनबुजून झाले नाही, बाईने स्वतःहून कळवले, अर्ज पुढे पाठवावा. लेखणी कागदावर फिरत असताना पंख्याचा आवाज मला एकाएकी ऐकू यायचा थांबला होता; ती थांबली तेव्हा तो परत आला. पुढे यथावकाश दीर्घ मुक्कामाच्या मंजुरीचा तो मोठा कागदही आला. पण आक्का म्हटले की मला आठवतात ती त्या शेऱ्यानंतरची दहा मिनिटे.

आम्ही उठलो. जमना उठली नाही. “सायब, जिल्ह्याभाईर जायाची परवानगी मागायची तर कुठला कागद भरायचा?”

“आता कुठं जायचंय?”

“मलकापूरला.”

आक्कांनी कपाळावर हात मारला. “अगं ए बये, गप की!”

“गप कशी?” जमना त्यांच्याकडे वळली. “परीक्षा ऱ्हायलीय माझी. तवा तुमी आनलं मला. मी कुठं आले?”

तो छापील अर्ज तिने स्वतः भरला. एकेक अक्षर ती ओठांत चघळून मग कागदावर ठेवी. प्रवासाचे कारण या रकान्यापाशी थांबली, माझ्याकडे पाहिले, मी काही सुचवणार तोच मान खाली घातली आणि लिहिले : एकटीने परत येणे.

अधिकाऱ्यांनी तो रकाना दोनदा वाचला. मग अर्जावर शिक्का मारला.

परवानगी एका दिवसाची मिळाली. त्या दिवशी आक्का तिला सोडायला गेल्या नाहीत. ती एकटीच गेली, आणि आम्ही दोघी विट्याच्या स्टँडवर बसलो. कोट त्यांच्या अंगावर होता, तरी त्या पहिल्यासारख्या निवांत नव्हत्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाहकाला विचारत, “कराडकडनं आली का रं? पांढऱ्या बांगड्यांची बाई हाय का रं?” एक जण हसून म्हणाला, “आवं आक्का, तुमच्या येळेला आसं कुणी इचारलं आसतं तर तुमी खाली उतरवलं आसतं.” त्यांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली.

तीनच्या गाडीतून ती उतरली. केसांवर धूळ, चुनरी खांद्यावरून घसरलेली, हातात उसाच्या रसाची बाटली. आक्का उठून लगबगीने पुढे झाल्या. जमनाने बाटली त्यांच्या हातात दिली, चोळीतून परवानगीचा घडी केलेला कागद काढला आणि म्हणाली, “परत आल्याची नोंद करायची हाय. आधी ठाण्यात जाते.”

“चल, मी येते.”

“तुमी बसा, आक्का.”

आणि आक्का बसल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात साऱ्या मुलखाला बसवले-उठवले, त्या एका शब्दाने बाकावर बसल्या. रसाची बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. रस्त्यावर ट्रॅक्टर आला, जमना थांबली, तो जाऊ दिला, मग पलीकडे गेली. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना तिच्या चुनरीवरचे आरसे एकदा लखकन चमकले, आणि ती आत दिसेनाशी झाली.

आक्कांनी मला कोपराने ढोसले.

“बघितलंस का गं मास्तरीण? एकदा सुदिक मागं वळून बघितलं न्हाई तिनं.”